चादरीचा धोटा, गलाईची मूस: आलेले आणि गेलेले लोक धंदा कसा रुजवतात?

फणीतला_धागा | सोमवार, सकाळी ९:४०

उद्योगाच्या सरकारी योजना सगळ्या जिल्ह्यांना सारख्याच लागू असतात. तरी जाकार्डची (मागावरच नक्षी विणणाऱ्या यंत्राची) चादर सोलापुरातच रुजली. गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा, धंदा सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीच्या माणसांनी पार केरळपासून दिल्लीपर्यंत नेला. शेजारच्या तालुक्यांत पाऊस तेवढाच कमी, जमीन तशीच हलकी, पण तिथे असं काही घडलं नाही.

माझं मत आधीच मांडतो. बाहेरून आलेली माणसं कसब घेऊन येतात, हे अर्धंच उत्तर झालं. कसब एकट्यादुकट्या कारागिराकडेही असतं. वस्तीच्या वस्ती उठून येते तेव्हा त्या कसबाबरोबर उधारी, शिकवणी आणि पडत्या काळातला आधारही येतो. या तिन्हींवर पहिली पिढी मजूर असते ती मालक होते. पुढे मात्र याच गोष्टी कुंपण होतात. नवा माल, नवा बाजार, नवा माणूस, काहीच आत येत नाही.

आता प्रश्न. आज भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत मागावर उभा असलेला उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचा कामगार आणखी वीस वर्षांनी मालक झालेला दिसेल का? त्याला नेमकं काय लागेल? जाणकारांनी पद्धत, हिशेब, अडचणी असं मुद्द्याचं लिहावं ही विनंती. कोणती जमात श्रेष्ठ हा वाद इथे नको.

पूर्वभाग | सोमवार, सकाळी ११:०५

सोलापूरपुरतं लिहितो.

रेल्वे १८६० मध्ये सोलापुरात आली. जुन्या मिलची कंपनी १८७४ ची, आणि गिरणी सुरू झाली १८७७ मध्ये. नेमका तोच १८७६-७८ चा मोठा दुष्काळ. निजामाच्या राज्यातल्या तेलंगणातून, करीमनगर, वरंगळ, नलगोंडा भागातून पद्मशाली विणकर इकडे येत होते. सोलापूर इंग्रजी मुलखात, पण निजामाच्या हद्दीला लागून. गाडी, गिरणी आणि दुष्काळ एकाच दशकात एकत्र आले. यातलं एक जरी वीस वर्षं मागेपुढे झालं असतं तर हे लोक कदाचित दुसरीकडे गेले असते.

आलेल्यांचे दोन रस्ते झाले. काही गिरणीत साच्यावर (गिरणीच्या मागावर) लागले, काहींनी घरातच हातमाग टाकला. गिरणीत शिफ्ट, जॉबर (माग दुरुस्त करून कामावर देखरेख ठेवणारा), सायझिंग (ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ लावणं), जाकार्ड हे कळलं. घरच्या मागावर वाण, नक्षी आणि बाजार कळला. पुढे यंत्रमाग आले तेव्हा ही दोन्ही ज्ञानं एकाच घरात होती. पुतण्या गिरणीत आणि काका घरी मागावर, अशी घरं सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे विणकरांच्या वस्तीत, गल्लोगल्ली होती. चादरीचा धंदा त्या घरांतून निघाला.

धागाकर्त्यांनी म्हटलेल्या आधाराबद्दल. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. त्याला नुसता उत्सव समजू नये. कोणाचा माग बंद आहे, कोणाला बीम (ताण्याचा गुंडाळलेला रूळ) हवा आहे, कोणाच्या मुलाला कुठे चिकटवायचं, हे सगळं समाजाच्या बैठकीत आणि मंगल कार्यालयात ठरत आलं. बँक ज्याला उभं करत नव्हती, त्याच्यासाठी समाजातला वडीलधारा माणूस सूतवाल्याकडे शब्द टाकायचा.

सरळ_हिशेब | सोमवार, दुपारी १:२०

पूर्वभाग यांनी विणकराची बाजू मांडली. पण चादर एका समाजाच्या हातून होत नाही. साखळी पाहा.

सूत येतं दाक्षिणात्य आणि स्थानिक गिरण्यांतून. सूतबाजारात मारवाडी, गुजराती पेढ्या जुन्या. रंगाईला वेगळे लोक. विणकर बहुतेक तेलुगू. घाऊक आणि किरकोळ बाजारात लिंगायत, मराठी, मुस्लिम व्यापारी. एका चादरीच्या मागे पाच-सहा जमाती आणि मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी-दखनी अशा चार भाषा लागतात. सोलापूरच्या विविधतेचा खरा उपयोग मला इथे दिसतो. प्रत्येक कडीला आपापला बाजार, आपापली उधारी आणि आपापला गाव आहे. पेढीवाल्याचे नातेवाईक सुताच्या बाजारात, विणकराचे तेलंगणात, दुकानदाराचे कर्नाटकात. माल आणि बातमी दोन्ही तिन्ही दिशांना फिरतात.

आता हिशेब, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही.

सुताचा नंबर: एका पौंडात ८४० याराच्या किती लड्या बसतात तो नंबर. १० नंबर म्हणजे पौंडाला ८४०० यार. २/२० म्हणजे २० नंबरचे दोन पदर पिळलेले. जाडीला ते १० नंबरच्याच बरोबरीचं, पण ताण जास्त सोसतं, म्हणून ताण्याला दुपदरी घेतात. सुताचा गठ्ठा १० पौंडांचा, म्हणजे ४.५४ किलो.

वेळ: उदाहरणादाखल ९० इंच लांबीची चादर, इंचाला ३० पीक (आडव्या धाग्याच्या फेकी) धरा. २७०० पीक झाले. माग मिनिटाला १२० फेकीचा आणि धागा तुटणं, धोट्यातली (आडवा धागा नेणाऱ्या साधनातली) सुताची कांडी बदलणं, धोटा अडकणं धरून ८० टक्के चालला तर मिनिटाला ९६ पीक पडतात. म्हणजे एका चादरीला २८ मिनिटं. ८ तासांत १७ चादरी. हीच कार्यक्षमता ६५ टक्क्यांवर घसरली तर १७ च्या जागी १३ किंवा १४. मजुरी, भाडं, वीज तीच राहते, म्हणून या तीन-चार चादरींतच मालकाचा नफा असतो.

कार्यक्षमता बहुतेक वेळा सुताच्या आणि सायझिंगच्या चुकीने घसरते. खळ कमी बसली की ताणा फणीत केसाळतो आणि तुटतो, जास्त बसली की ताणा ठिसूळ होतो. म्हणून सायझिंगवाल्याशी संबंध बिघडलेला यंत्रमागधारक कितीही कसबी असला तरी वर येत नाही. नव्या माणसाला सगळ्यात उशिरा मिळते ती हीच गोष्ट: सायझिंगवाल्याने आपलं बीम रांगेत आधी घ्यावं, एवढा भरवसा.

वाचनमात्र_७ | सोमवार, दुपारी १:४१

२८ मिनिटांचा हिशेब वहीत उतरवून घेतला. असे प्रतिसाद अजून येऊ द्या.

माणदेशी_वारा | सोमवार, दुपारी ३:१५

वर आलेल्यांची गोष्ट झाली. आता गेलेल्यांची.

खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, पलीकडे माण-खटाव. पाऊस बेभरवशाचा, जमीन उथळ. इथली माणसं सराफ बाजारांत गेली आणि गलाईचं काम हातात घेतलं. आज दक्षिणेतल्या किंवा उत्तरेतल्या कोणत्याही मोठ्या सराफ कट्ट्यावर मागच्या गल्लीत मराठी बोलणारं गलाईचं दुकान सापडण्याची शक्यता मोठी.

काम असं. सोनाराकडे जुने दागिने, कापलेले तुकडे, पॉलिशची धूळ येते. ते सगळं मुशीत (भट्टीत ठेवायच्या भांड्यात) टाकून टाकणखार घालून गाळायचं. सोनं १०६४ अंशांना वितळतं, चांदी ९६२ ला. नुसतं वितळवून सोनं शुद्ध होत नाही, त्यात चांदी आणि तांबं राहतं. म्हणून सोन्याच्या साधारण तिप्पट चांदी मुद्दाम मिसळतात. एवढी चांदी नसेल तर तेजाब (नायट्रिक आम्ल) आतपर्यंत पोचत नाही, बाहेरचं विरघळून आतलं तसंच राहतं. मिश्रण गाळून पाण्यात ओततात, म्हणजे त्याचे दाणे किंवा पातळ पापुद्रे होतात. मग शोऱ्याच्या तेजाबात उकळायचं. चांदी-तांबं विरघळतं, खाली चॉकलेटी भुकटी उरते. तेच सोनं. ते गरम पाण्याने धुऊन पुन्हा मुशीत गाळलं की पिवळं होतं. तेजाबात गेलेली चांदी तांब्याच्या पट्ट्या टाकून परत मिळवतात. पट्टी झिजते, पाणी निळं होतं आणि करडी चांदी तळाशी बसते.

यात सगळा धंदा विश्वासाचा. सोनार ५० ग्रॅम देतो आणि काही तासांनी गलाईवाला सांगेल तेवढा टंच (सोन्याची शुद्धता) मान्य करतो. म्हणूनच दुकान गावातल्याच पोराने चालवावं लागतं. पोरगा आधी दोन-तीन वर्षं मदतनीस, भट्टी पेटवणं, धुणं, वजन. मग टंच काढणं. मग मालकाच्या गैरहजेरीत गल्ला. त्यानंतर शेजारच्या शहरात स्वतःचं दुकान, आणि पहिलं भांडवल जुन्या मालकाचंच. कुठेही करारपत्र नाही. पण पळून गेलेल्याचं घर, भावकी, देव सगळं गावातच आहे, हेच तारण.

धागाकर्त्यांनी शेजारच्या तालुक्याचं विचारलं. त्याचं उत्तर याच साखळीत आहे. ज्या गावातून पहिले दोघे-तिघे गेले, त्या गावातला प्रत्येक मुलगा कोणाचा ना कोणाचा भाचा निघतो. शेजारच्या तालुक्यातल्या मुलाला बोलावणारा मामाच तिकडे नाही. पाऊस दोन्हीकडे सारखाच कमी असला तरी गाडीत बसवणारं माणूस एकाच बाजूला होतं.

आलेला पैसा गावात कुठे गेला हेही पाहा. घरं, मंदिरं, विहिरी, नंतर टेंभू सिंचन योजनेचं पाणी आल्यावर डाळिंब-द्राक्षांच्या बागा. विट्यात यंत्रमाग आणि पोल्ट्री दोन्ही मोठे. बाहेर मिळवलेलं भांडवल गावात धंदा होऊन परत आलं, हा या जाण्याचा फायदा.

कष्टाचे_मोल | सोमवार, संध्याकाळी ६:३०

माणदेशी भाऊ, माहिती फार मोलाची. पण एक बाजू राहिली, ती नोंदवते.

तारण भावकीचं असतं तेव्हा हिशेबही भावकीच्या नावाखाली झाकला जातो. "आपलाच पोरगा" म्हणून दोन-तीन वर्षं जेवण आणि खर्चीवर राबवतात. तेजाबाच्या तांबूस धुरात बसून. तो धूर म्हणजे नायट्रोजनचे ऑक्साइड. लगेच त्रास न होता काही तासांनी फुप्फुसात पाणी भरतं, म्हणून लोक त्याला हलक्यात घेतात. हुड, पंखा आणि धूर कॉस्टिकच्या पाण्यातून काढणारा स्क्रबर ही किमान गरज. भाड्याच्या पोटमाळ्यावर यातलं काहीच नसतं.

सोलापुरातही तेच. पुरुष मागावर, बाई विड्यांवर. कारखान्याने पान, तंबाखू, दोरा द्यायचा, बाईने घरी वळून कट्टे बांधून द्यायचे. दर हजारी. पान खराब दिलं तर विड्या कमी निघतात आणि छाट वाढते, पण भुर्दंड बाईला. त्या मिळकतीवर घर चाललं म्हणून पुरुषाची मजुरी माग घ्यायला शिल्लक राहिली. यंत्रमागधारक म्हणून नाव ज्याचं लागलं, त्याच्या भांडवलात विडीवाल्या बाईचा वाटा होता, तो कोणत्याही कागदावर नाही. याच बायकांनी पुढे संघटनेच्या जोरावर घरं मिळवली. कुंभारीचं गोदूताई परुळेकर विडी कामगारांचं १० हजार घरांचं संकुल त्यातलंच.

म्हणून "जमात आधार देते" हे वाक्य पूर्ण करा: आधार देते, आणि किंमत कोणाकडून वसूल करते तेही लिहा.

फणीतला_धागा | सोमवार, रात्री ८:१०

ताई, हे मान्य. माझ्या मांडणीत ही बाजू आली नव्हती. कुंपण आतल्या माणसालाही लागतं.

कॅम्प_चार | सोमवार, रात्री ९:००

एक वेगळा नमुना, जिथे कसबाची वस्ती आलीच नाही: उल्हासनगर.

फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. अजूनही पत्त्यात बॅरेक नंबर असतो. या लोकांकडे विणकाम, गलाई असं एक ठरलेलं कसब नव्हतं. होता व्यापाराचा अनुभव. त्यामुळे त्यांनी एक माल धरला नाही. पापड, मिठाई, फर्निचर, कापड, नंतर जीन्स. जे खपेल ते बनवायचं, कमी नफ्यावर, भरपूर. "मेड इन यूएसए" म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तिथलेच लोक कौतुकाने सांगतात.

जीन्समध्ये विविधता कशी काम करते ते पाहण्यासारखं आहे. कापड अहमदाबादचं, कटिंग मास्तर आणि शिलाईवाले बरेचसे उत्तर प्रदेश-बिहारचे, बटण-चेनवाला सिंधी, धुलाई वेगळ्याकडे. पण धुलाईच्या पाण्याने वालधुनी नदी खराब झाली आणि धुलाईचे युनिट बंद पडले. साखळीतली एकच कडी निघाली आणि कटिंग-शिलाईवालेही दुसरीकडे गेले. म्हणजे सरळ_हिशेब यांची साखळी ताकदही आहे आणि धोकाही.

मोसमपूल | मंगळवार, सकाळी १०:२५

मालेगाव. १८५७ नंतर आणि पुढच्या दुष्काळांत बनारस, मऊ, आझमगढकडून मोमीन विणकर आले. १९३० च्या दशकात यंत्रमाग आले. इथे ताण्यापासून घडीपर्यंत सगळं एकाच समाजात, आणि तरीही हा धंदा सोलापूरसारखा एका ओळखीच्या मालावर उभा नाही. एकेकाळी रंगीत साडी, आता बहुतेक कोरं कापड. ते रंगवायला पाली, बालोतरा, अहमदाबादला जातं.

याचा परिणाम असा की नाव दुसऱ्याचं होतं. मालेगावात विणलेलं कापड राजस्थानात रंगतं आणि तिथल्या पेढीच्या शिक्क्याने विकलं जातं. विणकर मीटरला काही पैसे मिळवतो, शिक्का मारणारा रुपये. प्रक्रिया इथे का नाही? पाणी. रंगाईला चांगलं पाणी भरपूर लागतं आणि वापरलेल्या पाण्याची विल्हेवाटही लावावी लागते. गिरणा-मोसम नद्यांच्या भरवशावर ते झालं नाही.

पंचगंगाकाठ | मंगळवार, दुपारी १२:१०

इथे इचलकरंजी आली पाहिजे, नाहीतर चर्चा एकांगी होईल. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ चा, घोरपडे जहागीरदारांच्या प्रोत्साहनाने. सुरुवात बाहेरून आलेल्या विणकर जमातीने केली नाही, स्थानिक आश्रय आणि पुढे सहकारी सूतगिरण्या यांनी केली. जैन, लिंगायत, मराठा, साळी, मुस्लिम सगळे मागधारक झाले. म्हणजे वस्ती उठून आली नाही तरी धंदा रुजू शकतो, पण मग वस्तीने दिलेली उधारी दुसऱ्या कोणीतरी द्यावी लागते. इथे ती सहकाराने दिली.

आता मूळ प्रश्न. इथल्या पायऱ्या अशा आहेत: कांडी भरणारा, कामगार, जॉबर, मग खर्चीवाला, मग स्वतःचं सूत घेणारा. वहिफणीवाला (नव्या बिमाच्या तारा मागाच्या फणीतून ओढून बसवणारा) वेगळाच, त्याचं काम कामगारांतही मानाचं. खर्चीवाला म्हणजे माग स्वतःचे, पण बीम व्यापाऱ्याचं, आणि पैसे पीक-मीटरवर. कामगाराची मजुरीही इथे इंचाला ५२ पीक असलेल्या कापडाच्या मीटरला धरून ठरते.

कामगाराचा खर्चीवाला होणं अशक्य नाही. जुने साधे माग भंगाराच्या आसपासच्या भावात मिळतात. अडतं ते पुढे. व्यापारी मजुरी ६०-९० दिवसांनी देतो, कामगाराला मात्र दर आठवड्याला पगार द्यावा लागतो. १२ माग असतील तर किमान दोन महिन्यांची मजुरी, वीज आणि भाडं हातात हवं. स्थानिक माणूस पतसंस्थेतून काढतो. ओडिशाच्या माणसाला जामीन कोण?

तेलंगाना_एक्सप्रेस | मंगळवार, दुपारी २:००

भिवंडीचं पद्मानगर तेलुगू विणकरांचं. तिथून बरेच जण तेलंगणातल्या सिरसिल्लाला परतले आणि तिकडे पॉलिएस्टरचे माग वाढले. तेलंगणा सरकारने २०१७ पासून काही वर्षं बतुकम्मा सणाला वाटायच्या साड्यांची मागणी त्या मागांना दिली. म्हणजे भिवंडीत शिकलेलं कसब गावी गेलं, आणि खरेदीदार म्हणून सरकार उभं राहिलं. धोका एवढाच की खरेदीदार एकच. त्याने हात आखडला की पूर्ण गाव थांबतं.

सुरतेतही पाहा. गंजामचे ओडिया मागावर, आणि लिंबायत-उधना भागात खानदेशी माणूस मोठ्या संख्येने. घरात अहिराणी, बाजारात गुजराती.

चटणी_भाकरी | मंगळवार, दुपारी ३:३०

थोडं विषयांतर, पण धंद्याचंच. सोलापूरची शेंगाचटणी आणि कडक भाकरी. शेंगदाणे खरपूस भाजायचे, सालं थोडी राहू द्यायची. लसूण, तिखट, मीठ, जिरं घालून उखळात कुटायचं. मिक्सरमध्ये पातं फिरून दाण्याची भुकटी होते, कुटताना दाणा चेचला जाऊन तेल सुटतं आणि चटणी ओलसर, गोळा होणारी लागते. म्हणून मोठे बनवणारे यंत्राचं उखळ वापरतात, मिक्सर नाही.

हा धंदा कोणत्या एका समाजाचा? ज्वारी पंढरपूर-मंगळवेढ्याची, बनवण्याची रीत कन्नड-मराठी सीमेवरची, गिऱ्हाईक तेलुगू कामगार आणि पुण्या-मुंबईला गेलेले सोलापूरकर. नोकरीसाठी गाव सोडलेल्यांनीच या चटणीला बाजार दिला. जाणाऱ्यांची भूक हाही प्रदेशाचा बाजार असतो.

पूर्वभाग | मंगळवार, दुपारी ४:०५

चटणीताईंना अनुमोदन. आणि शहराच्या मिश्रणाबद्दल एकच आठवण: १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले सोलापूरचे चार हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. चार नावं वाचली की गिरणगाव कसं होतं ते कळतं.

आता कुंपणाबद्दल. सोलापुरी चादरीला २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण कायद्याचा फायदा अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवलेल्यालाच घेता येतो. समाजाचं मानांकन आहे म्हणजे माझं आहेच, अशी समजूत करून अनेकांनी नोंदणी केली नाही. बाहेरचा हलका माल सोलापुरी म्हणून विकला जातो आणि इथला विणकर तक्रार करायला गेला की त्याच्याच हातात कागद नाही.

खरी चादर ओळखायला: दोन्ही बाजूंना नक्षी स्पष्ट, रंग मात्र उलटे, कारण ती दुहेरी विणीची. पांढरं ओलं फडकं जोरात घासून पाहा. व्हॅट रंग कॉस्टिक आणि हायड्रो या रसायनांनी सुतात उतरवून मग हवेने पक्का केलेला असतो, तो फडक्याला सहसा लागत नाही. स्वस्तातला डायरेक्ट रंग लगेच लागतो. आणि कोपरा जाळला तर सुती धागा कागदासारखा जळून राख होते, पॉलिएस्टरचा कडक मणी होतो.

नवा वाण न येण्याचं कारणही सांगतो. जाकार्डच्या एका पिकाला एक पुठ्ठा. ६०० पिकांची नक्षी म्हणजे ६०० पुठ्ठे भोकं पाडून क्रमाने शिवायचे. एक भोक चुकलं की प्रत्येक मोराच्या मानेत तीच चूक. एवढा खर्च करून नवी नक्षी काढायची आणि महिन्याभरात शेजारच्याने तीच उचलायची, म्हणून सगळे जुन्याच मोरावर. एकाच समाजात, एकाच गल्लीत धंदा असण्याचा हा तोटा. गुपित राहत नाही.

उद्यम_सहाय | मंगळवार, रात्री ८:४५

पंचगंगाकाठ यांनी विचारलं, जामीन कोण? बाहेरच्या राज्यातला कामगार मालक व्हायला निघाला तर कागद या क्रमाने करावेत.

सगळ्यात आधी पत्ता. भाडेकरार नोंदणी केलेला, किमान ११ महिन्यांचा, आधारवरचा पत्ता बदललेला. हे नसेल तर पुढचं काहीच जुळत नाही. शेड भाड्याची असेल तर धंद्याच्या वापराला मालकाचं संमतीपत्र त्याच वेळी घ्या, नंतर मालक टाळतो.

मग उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद. फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते. पैसे मागणाऱ्या एजंटाकडे जाऊ नका. इथे एक चूक फार होते: धंदा 'व्यापार' म्हणून टाकतात. मजुरीवर विणत असाल तर उत्पादन किंवा सेवा या खाली योग्य नोंद हवी. कारण उशिरा पैसे देणाऱ्याविरुद्धचं संरक्षण व्यापार म्हणून नोंदलेल्याला मिळत नाही.

ते संरक्षण असं. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. आयकरात ४३बी(एच) कलमाने आलेल्या नियमामुळे मुदत उलटूनही वर्षअखेर थकलेली रक्कम व्यापाऱ्याला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. हे २०२३-२४ च्या हिशेबापासून लागू झालं. ६०-९० दिवसांच्या उधारीला हा पहिला कायदेशीर अडसर. धोका हा की काही व्यापारी नोंदणी नसलेल्याकडूनच माल घेतात. म्हणून खर्चीवाल्यांनी एकेकट्याने नव्हे, एका शेडमधल्या सगळ्यांनी मिळून नोंदणी करावी.

कर्ज: मुद्रातून तारणाशिवाय १० लाखांपर्यंत, आणि आधीचं 'तरुण' कर्ज फेडलेल्यांना २०२४ पासून २० लाखांपर्यंत. पण बँक खात्यातला व्यवहार पाहते. मजुरी रोखीत घेणाऱ्याचं खातं कोरं राहतं. मालक व्हायच्या आधी वर्षभर पगार खात्यात घ्या, हा सल्ला सगळ्यात कामाचा. विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत सोनार, शिंपी आहेत, मागावर कापड विणणारे नाहीत. लोक तिथे अर्ज करून वेळ घालवतात.

वीज: यंत्रमागाच्या सवलतीसाठी २७ एचपीची रेषा महत्त्वाची. साध्या मागाला सुमारे १ एचपी धरला तर २४ माग, कांडी मशीन आणि दिवे या रेषेच्या आत बसतात. वाढवण्याआधी जोडभार मोजून घ्या.

कष्टाचे_मोल | मंगळवार, रात्री ९:३०

यात एक भर. उचल. मालकाने दिलेली उचल फिटल्याशिवाय कामगार दुसरीकडे जाऊ शकत नाही, आणि ती बहुधा फक्त मालकाच्या वहीत असते. कामगाराने स्वतःची वही ठेवावी: तारीख, रक्कम, कापलेले पैसे, दर आठवड्याला दिवाणजीची सही. सही देत नसतील तर मोबाइलवर फोटो. उचलीच्या वादात अडकलेला माणूस माग विकत घेण्यापर्यंत पोचतच नाही.

माणदेशी_वारा | मंगळवार, रात्री १०:१५

गलाईतही कागदाचा मुद्दा मोठा झाला आहे. १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा गेला तेव्हा मोकळीक मिळाली, आता २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आणि टंच यंत्रावर दिसू लागला. पूर्वी शब्दावर चालायचं ते आता छापील चिठ्ठीवर.

सगळ्यात मोठं संकट चोरीच्या सोन्याचं. परराज्यातला पोलीस दारात आला तर "मला माहीत नव्हतं" एवढ्याने भागत नाही. अनोळखी माणसाकडून सोनं घेऊ नये. घेतलंच तर ओळखपत्राची प्रत, गाळण्याआधी दागिन्याचा वजनकाट्यावरचा फोटो, पावती आणि पैसे खात्यातून. गाळल्यावर पुरावाच उरत नाही, म्हणून फोटो आधीच काढायचा. नव्या पोराला हे भट्टीच्या आधी शिकवावं.

फणीतला_धागा | बुधवार, सकाळी ९:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येतो, कारण उत्तर आता बरंचसं दिसतंय.

सोलापूरच्या विणकराला बायका-मुलांसकट वस्ती मिळाली. विट्याच्या पोराला परक्या शहरात गावचाच मालक मिळाला. उल्हासनगरला बॅरेक तर बॅरेक, पण हक्काचा पत्ता मिळाला. इचलकरंजीकराला सहकार मिळाला. आज भिवंडीत पाच-सहा जणांत एक खोली घेऊन राहणारा, वर्षातून दोनदा गावी जाणारा एकटा माणूस यातलं काय घेऊन मालक होणार? त्याचं घर गावीच आहे, मुलं तिथेच शिकतात, शिल्लक तिकडेच जाते. सिरसिल्लासारखा तो माग गावी टाकेल ही शक्यता मला जास्त वाटते. आपल्या गावांना तो इथेच मालक व्हायला हवा असेल तर कुटुंबासह राहता येईल असं घर आणि मुलांना शाळा यावर आधी काम करावं लागेल. कर्ज त्यानंतर.

मोसमपूल | बुधवार, सकाळी ९:५०

सहमत, एक दुरुस्ती सुचवतो. घर येईपर्यंत थांबायला नको. ज्या कामाला शेड लागत नाही तिथून सुरुवात होऊ शकते. वहिफणी आणि जॉबरचं काम. हत्यारं पिशवीत मावतात, भांडवल जवळपास शून्य, आणि महिन्याभरात तीस-चाळीस शेडमध्ये ओळख होते. तीच पुढे सायझिंगवाल्याकडे शब्द टाकायला उपयोगी पडते.

पंचगंगाकाठ | बुधवार, सकाळी १०:०५

बरोबर. आणि वहिफणीला जोडी लागते, एक तार पुढे करणारा आणि दुसरा आकड्याने ओढणारा. पहिला बहुधा शिकाऊच असतो. शिकवणी त्या कामातच बांधलेली आहे. पद्धतशीर लिहिता येईल, संध्याकाळी आकड्यांसह टाकतो: एका बिमाच्या किती तारा, किती वेळ, आणि फणीचं घर चुकलं तर कुठून उसवायचं.